टपालाच्या थैलीपूर्वीची चार वर्षे



१९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग नावाचा पंचविशीतला एक अमेरिकन तरुण न्यूयॉर्कजवळून एकटाच विमानात बसून निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. मध्ये सबंध अटलांटिक महासागर. ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. शिक्षक मंडळींनी वर्गात सांगितलीही असेल. ती मी आज पुन्हा सांगत नाही. लिंडबर्गची पुढे राजकारणात जी मते झाली त्यांवरून त्याच्याच देशात बराच वाद झाला, त्यातही आज शिरायचे नाही. मला सांगायचे आहे ते अटलांटिकच्या आधीचे. या मुलाला उडायला येत होते, खिसा रिकामा झाला होता, आणि वैमानिक म्हणून त्याला कुणी ठेवून घेत नव्हते. ही स्थिती एक-दोन महिने नव्हे, चार वर्षे चालली.

आपल्याकडे ट्रेनिंग पुरे करून, प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून, रोज पोस्टमनची वाट पाहणारी मुले घरोघर आहेत. तेव्हा हा प्रसंग आपल्याला अगदीच परका नाही.

लिंडबर्ग हा तसा शेतावरचा मुलगा. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यात लिटल फॉल्स गावाजवळ त्यांची शेती होती. वडील वकील, १९०७ पासून १९१७ पर्यंत दहा वर्षे ते अमेरिकेच्या लोकसभेत होते. आई रसायनशास्त्राची शिक्षिका. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस या मुलाने शाळेतून निघून शेतीचा सारा कारभार अंगावर घेतला. गाई-गुरे सांभाळली आणि दूध काढण्याची यंत्रे आसपासच्या शेतकऱ्यांना विकण्याचा धंदाही करून पाहिला. यंत्राशी त्याचे चांगले जमे, पुस्तकाशी तितकेसे जमत नसे. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो एंजिनियरिंगला गेला, पण दुसऱ्याच वर्षी कॉलेज सुटले. परीक्षेचे निकाल बरे नव्हते, आणि मन केव्हाच विमानाकडे लागले होते.

१९२२ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला तो नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरी पोचला. तिथे विमाने तयार करणारी एक कंपनी उडायलाही शिकवी. फी पाचशे डॉलर. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. पैसे भरून तो आत गेला आणि पाहतो तो वर्गात दुसरे कुणी नाहीच! विद्यार्थी एकटा तोच. ९ एप्रिलला तो पहिल्यांदा विमानातून वर गेला. प्रशिक्षक मोठे हुशार, पण त्यांचे मन त्या कामात राहिले नव्हते. वारा जरा वाहता असला की ते मैदानाकडे फिरकत नसत. मुलगा दिवसचे दिवस वाट बघत बसे. अशा रीतीने महिना-दीड महिन्यात सगळे मिळून आठेक तासांचे शिक्षण झाले. आता तू एकटा उडायला हरकत नाही, असे प्रशिक्षकांनीही सांगितले.

इथेच गाडे अडले. शिकण्याचे ते एकच विमान कंपनीने विकून टाकले होते. कंपनीचे म्हणणे, एकट्याने उडायचे असेल तर आधी नुकसानीपोटी अनामत ठेव. विमान मोडले तर भरपाई कोण देणार? मुलाजवळचे पैसे तर फीमध्येच संपले. म्हणजे पाहा, शिक्षण पुरे झाले असे म्हणावे तर एकदाही एकट्याने विमान चालवलेले नाही. आणि पुरे झाले नाही असे म्हणावे तर शिकवायचे काही उरलेले नाही.

त्या वेळी अमेरिकेत विमान चालवायला सरकारी परवाना लागतच नसे, बरं का! तो कायदा १९२६ साली झाला. ज्याच्याजवळ विमान आहे आणि ज्याचे धाडस आहे, त्याने खुशाल उडावे. तेव्हा अडचण कागदाची नव्हती. आजही आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि तो मिळाल्यावरही कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो: तुमचे तास किती? तास नाहीत म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून तास नाहीत. विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता येत नाही तोवर विहिरीत उतरू देत नाहीत, त्यातला हा प्रकार.

याला कारणही तसेच होते. अमेरिका १९१७ साली महायुद्धात उतरली तेव्हा सरकारने घाईघाईने हजारो तरुणांना उडायला शिकवले आणि हजारो विमाने बनवून घेतली. १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबले. वैमानिक घरी आले, विमाने खोक्यांत पडून राहिली. प्रवासी विमानवाहतूक म्हणावी अशी अमेरिकेत नव्हतीच. मग या वैमानिकांनी काय केले? आपल्याकडे डोंबारी, तमासगीर, सर्कशी गावोगाव फिरत, तसे ते विमान घेऊन फिरू लागले. गावाजवळचे एखादे कुरण गाठायचे, वरून दोन-चार घिरट्या घालून लोक जमवायचे, आणि माणशी काही डॉलर घेऊन त्यांना वरून त्यांचेच गाव दाखवून आणायचे. रात्री शेतकऱ्याच्या कोठारात, नाहीतर विमानाच्या पंखाखाली झोपायचे. विमान लाकडी सांगाड्याचे, वर कापड ताणलेले. त्या कापडावर जे रोगण लावीत त्याची चव गुरांना फार आवडे. म्हणून राखण केली नाही तर सकाळी पंखाला भोके पडलेली दिसत. शेतावर वाढलेल्या लिंडबर्गला याचे नवल वाटले नसावे!

अशाच एका फिरत्या वैमानिकाबरोबर तो निघाला. पगार काही नाही. विमान पुसणे, तेल-पाणी बघणे, गिऱ्हाइके गोळा करणे ही कामे. लोक जमेनात तेव्हा त्याने आपण होऊन सुचवले, की गावावरून जाताना मी बाहेर पंखावर उभा राहतो. मग लोक जमू लागले. पुढे एका हवाई छत्रीवाल्याकडून तो छत्रीने उडी मारायला शिकला. पहिली उडी त्याने साधी घेतलीच नाही. एक छत्री उघडायची, मग ती कापून टाकायची, आणि दुसरीवर खाली यायचे, असा तो खेळ होता. दुसरी छत्री उघडायला अंमळ उशीर झाला, पण उघडली. पश्चिमेकडल्या राज्यांत त्याच्या नावाची जाहिरात ‘धाडसी लिंडबर्ग’ अशी लागे. विमानाच्या पंखावर चालून झाले, छत्रीने उड्या मारून झाल्या, मॉन्टानात एंजिने दुरुस्त करून झाली. फक्त जे शिकायला पाचशे डॉलर भरले होते ते तेवढे राहिले होते. विमान दुसऱ्याचे, आणि चालवणाराही दुसराच.

हिवाळा आला तसा तो परतला. वडिलांना हा उद्योग मनापासून पसंत नव्हता. मुलगा एकुलता एक आणि धंदा जिवावरचा. पण अखेर त्यांनीच बँकेच्या कर्जरोख्यावर मुलासाठी सही केली. कर्जाच्या कागदावर बापाची सही पडणे म्हणजे काय, हे शेतकरी श्रोत्यांना मी निराळे सांगायला नको.

१९२३ च्या वसंतात जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळच्या सौदर फील्ड या लष्करी मैदानावर युद्धातली उरलेली विमाने विकायला काढली होती. लिंडबर्गने तिथे पाचशे डॉलरांत एक ‘जेनी’ घेतले. हे कर्टिस कंपनीचे दोन आसनी शिकाऊ विमान. एंजिन नव्वद अश्वशक्तीचे, ब्रेक नाहीत. विमान जोडून तयार झाले. आता गंमत पाहा. मैदानावरच्या मंडळींना वाटले, स्वतःचे विमान घेतो त्या अर्थी हा मुरलेला वैमानिक असणार. आपण अजून एकदाही एकटे उडालेलो नाही, हे याने कुणाला सांगितले नाही. सगळ्यांच्या देखत त्याने एंजिन चालू केले. विमान जमिनीपासून जेमतेम तीन-चार फूट उचलले गेले, एका अंगाला कलले, आणि एका चाकावर धडपडत पुन्हा टेकले. मोडले नाही एवढेच नशीब.

ते पाहून एक तरुण वैमानिक पुढे आला. हा स्वतःचे विमान तयार होण्याची वाट पाहत तिथे थांबला होता. त्याने न हसता, न चिडवता म्हटले, की मला आत्ता काही काम नाही, तुझ्याबरोबर दोन-चार चकरा मारतो. त्याने पाच-सहा वेळा लिंडबर्गकडून विमान उतरवून घेतले आणि सांगितले, की तुला येते आहे, फक्त सवय मोडली आहे. संध्याकाळी वारा पडला की एकटा जा. त्या दिवशी संध्याकाळी लिंडबर्ग प्रथम एकटा उडाला. या परक्या तरुणाने फी घेतली नाही. कंपनीच्या पाचशे डॉलरांत जे मिळाले नव्हते ते इथे अर्ध्या तासात फुकट मिळाले. मी स्वतः शिक्षकाच्या धंद्यातला असल्यामुळे मला अटलांटिकपेक्षा ही संध्याकाळ मोठी वाटते. पण ते माझे मत झाले.

पुढे तो पश्चिमेकडे निघाला. मिसिसिपी राज्यात मेबन नावाच्या लहानशा गावाजवळ वादळी हवेत एका कुरणात उतरताना विमान चरात गेले आणि पुढचा पंखा मोडला. नवा पंखा येईपर्यंत मुक्काम तिथेच. पण त्या मुक्कामाचा फायदाच झाला. विमान पाहायला पंचक्रोशीतले लोक लोटले, आणि पंखा बसल्यावर माणशी पाच डॉलरप्रमाणे सुमारे साठ माणसांना त्याने वर फिरवून आणले. वैमानिक म्हणून त्याची पहिली कमाई ती. एका वृद्ध बाईने येऊन, वर नेऊन तिथेच सोडून द्यायचे किती पैसे घ्याल अशी चौकशी केली, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्याच उन्हाळ्यात वडील निवडणुकीला उभे होते. त्यांना विमानात बसवून तो प्रचाराला घेऊन गेला. वरून पत्रके थोडी थोडी टाकायची, हे वडिलांना सांगायचे राहून गेले. त्यांनी सगळा गठ्ठा एकदमच भिरकावला आणि तो शेपटावर जाऊन आदळला. ज्या विमानाला वडिलांचा विरोध होता त्यातच वडील बसले, हे मात्र खरे.

फिरून फिरून तास वाढले. तीनशेच्या वर गेले. पण जेनी ते जेनीच. त्या शरद ऋतूत सेंट लुई शहरी विमानांच्या शर्यती झाल्या. तिथे नवी, वेगवान, बलवान विमाने पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आले, की असली विमाने आपल्याला सैन्याशिवाय कुणी हातात देणार नाही. त्याने अर्ज केला. १९२४ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळ ब्रूक्स फील्डवर तो शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाला. पुन्हा शिक्षणच! नोकरीच्या शोधात निघालेला मुलगा दुसऱ्यांदा शाळेत जाऊन बसला.

त्या तुकडीत १०४ उमेदवार होते. पुष्कळांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते, आणि याच्याजवळ तीनशे तास. याला वाटले, आपल्याला अवघड काय आहे? पण सैन्यात उडण्याबरोबर पाटी-पुस्तकही होते. सुरुवातीच्याच एका परीक्षेत त्याला ७२ गुण पडले. पास व्हायला ७० लागत. दोन-तीन परीक्षा बुडाल्या की उमेदवाराला घरी पाठवीत. मग या कॉलेज सोडलेल्या मुलाने आयुष्यात प्रथमच अभ्यासाला हात घातला. रात्री दिवे मालवण्याची घंटा झाली, की बराकीत उजेड नसे. शौचालयातला दिवा तेवढा चालू राही. तिथे बसून तो मध्यरात्रीपर्यंत वाची. पुढे गुण नव्वदीत गेले.

त्याच मे महिन्यात वडील वारले. मेंदूत गाठ झाली होती. कर्जरोख्यावर सही करणाऱ्या बापाने मुलगा सैन्याचा वैमानिक झालेला पाहिला नाही.

१९२५ च्या मार्चमध्ये, शिक्षण संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, सरावाच्या उड्डाणात त्याचे आणि दुसऱ्या एकाचे विमान हवेत एकमेकांवर आदळले. दोघेही छत्रीने खाली आले, आणि दोघेही त्याच दिवशी दुसऱ्या विमानातून पुन्हा वर गेले. तुकडीतले १०४ पैकी अखेरपर्यंत १८ टिकले. त्यांत लिंडबर्ग पहिला आला.

आता तरी नोकरी? नाही. शांततेचा काळ, सैन्याला जादा वैमानिक नको होते. राखीव दलातील सेकंड लेफ्टनंट असा हुद्दा देऊन त्याला मोकळे केले. पहिला नंबर आणि घरची वाट. तो सेंट लुईला गेला, तिथल्या लँबर्ट फील्डवर मिळेल ते काम करू लागला. कुणाला उडायला शिकव, कुठे जत्रेत कसरती कर, कुणाचे नवे विमान पारखून दे. असेच एक विमान पारखताना जूनमध्ये ते ताब्यात राहिना, तेव्हा दुसऱ्यांदा छत्री घेऊन उडी मारावी लागली.

या सगळ्या गोष्टींना जिने वळण लावले ती वस्तू अगदी आपल्या ओळखीची आहे: टपालाची थैली. विमानात बसायला पैसे देऊन नियमाने येतील इतकी माणसे अजून नव्हती, पण पत्रे होती. पत्राला भीती वाटत नाही, आणि ते लवकर पोचावे म्हणून सावकार, पेढीवाले जादा पैसे मोजायला तयार असतात. अमेरिकेत हवाई टपाल तोपर्यंत पोस्टखाते स्वतः चालवीत होते. १९२५ च्या फेब्रुवारीत नवा कायदा झाला आणि ते काम खाजगी कंपन्यांना ठेक्याने द्यायचे ठरले. ठेका म्हणजे बांधलेले उत्पन्न. बांधलेले उत्पन्न म्हणजे महिन्याच्या पगारावर वैमानिक. अमेरिकेतल्या कितीतरी वैमानिकांची पहिली कायम नोकरी या कायद्यातून निघाली.

आपल्याकडेही याहून निराळे घडले नाही. जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. पण भारतीय मंडळींनी विमानाचा धंदा सुरू केला तो १५ ऑक्टोबर १९३२ ला, कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर टपालाच्या थैल्या उतरल्या तेव्हा. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी त्या बेळ्ळारीवरून मद्रासला नेल्या. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून विमाने पुण्याला उतरत. इथेही आधी थैली, मग प्रवासी.

सेंट लुईला रॉबर्टसन बंधूंची विमान कंपनी होती. त्यांनी सेंट लुई ते शिकागो या मार्गाच्या ठेक्यासाठी निविदा भरली आणि लिंडबर्गला सांगितले, की ठेका मिळाला तर मुख्य वैमानिक तू. तर! या ‘तर’वर त्याने काही महिने काढले. ऑक्टोबरमध्ये ठेका मिळाला. मार्ग २७८ मैलांचा, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटर. वाटेत स्प्रिंगफील्ड आणि पिओरिया. उतरायची मैदाने निवडण्यापासून सारे त्यालाच करायचे होते. आणखी दोन वैमानिक घ्यायचे होते, तेव्हा सैन्यात शिकलेले आपले सोबती त्याने बोलावून घेतले. नोकरी मागणारा आता नोकरी देऊ लागला. विमाने मात्र युद्धातलीच, जुनी डी हॅविलंड, डागडुजी करून उभी केलेली. या जातीच्या विमानांना वैमानिक ‘जळती शवपेटी’ म्हणत.

एप्रिल १९२६ मध्ये त्याने टपालाचे रक्षण करण्याची शपथ घेतली, आणि १५ तारखेला पहिल्या थैल्या घेऊन तो निघाला. लिंकनला पहिल्यांदा वर गेल्याला चार वर्षे आणि सहा दिवस झाले होते. वय चोवीस.

ही नोकरी कशी होती तेही ऐका. १९२६ सालच्या १६ सप्टेंबरची रात्र. शिकागोकडे जाताना वाटेत दाट धुके आले. खाली दिवा दिसेना, उतरायला जागा दिसेना. घिरट्या घालता घालता पेट्रोल अपेक्षेपेक्षा लवकर संपले. मोठी टाकी दुरुस्तीला काढून तिच्या जागी कारागिरांनी लहान टाकी बसवली होती आणि ते वैमानिकाला सांगितलेच नव्हते, हा शोध नंतर लागला. एंजिन बंद पडले, तेव्हा त्याने छत्री घेऊन उडी टाकली. पण एंजिन बंद पडले म्हणून त्याचा खटका बंद करायचे राहिले होते. विमानाने नाक खाली केले, टाकीच्या तळाचे उरलेसुरले पेट्रोल एंजिनात आले आणि ते आपोआप सुरू झाले! मग ते रिकामे विमान अंधारात छत्रीभोवती घिरट्या घालत, त्याच्याबरोबरच खाली येऊ लागले. अखेर ते दूर जाऊन कोसळले आणि हा एका मक्याच्या शेतात उतरला.

मक्याच्या रांगांमधून वाट काढत तो निघाला तो एक शेतकरी भेटला. विमान पडल्याचा आवाज ऐकलास का, असे त्यानेच याला विचारले. त्या विमानाचा वैमानिक मीच, हे शेतकऱ्याला पटवायला बराच वेळ लागला. मग दोघांनी विमान शोधून काढले. थैल्या जवळपास धड होत्या. त्या उचलून ओटावा गावच्या पोस्टात नेऊन दिल्या, आणि पहाटे साडेतीनच्या आगगाडीने टपाल शिकागोला रवाना झाले.